गच्चीवरचा माणूस

४ नोव्हेंबर

धाकट्या,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही आणि 'माननीय संचालक' लिहिलं तर माझं मलाच हसू फुटेल. तेव्हा नुसतं धाकट्या.

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकतेय. ऑफिसला मेल केला की तुझी सेक्रेटरी कळवते, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." अरे, मी सूचना करत नव्हते, भांडत होते. फोन तर तू त्या मीटिंगपासून उचलतच नाहीस.

तुझा नवा तक्ता मिळाला. सांगितलंस तसा माझ्या शाखेच्या भिंतीवर लावला. चौकटी छान आहेत, बाणही सरळ आहेत. विक्री एका बाजूला, काम दुसऱ्या, सुरक्षा तिसऱ्या. पगार ज्यानं जितक्या काचा पुसल्या तितका. महिनाभर एकाही अपघाताची नोंद झाली नाही तर सगळ्या शाखेला वर बोनस. हे कशासाठी चाललंय तेही कळतं मला. बँकेच्या जुळ्या इमारतींच्या काचा आपल्याला इतरांपेक्षा स्वस्तात आणि लवकर पुसून दाखवायच्यात. ते काम हातचं गेलं तर बाबांनी उभी केलेली कंपनी वर्षभरात बंद होईल. मी काही डोळे मिटून बसलेली नाही.

आणि जुनी पद्धत सोन्याची होती असंही नाही. ज्याला सगळे आरामखुर्ची म्हणतात तो गडी तुला आठवत असेल, बाबांच्या वेळचा. सकाळी ज्या मजल्यासमोर लटकायचा, दुपारी तिथेच सापडायचा. पगार ठरलेला, मग घाई कोणाला? एकदा आतल्या ऑफिसातल्या बाईनं खिडकी उघडून त्याला विचारलं होतं, तुम्ही इथे कामाला आहात की राहायला? तो माणूस कामाला लागला तर मी तुझा तक्ता फ्रेम करून लावीन.

पण गच्चीवरचा माणूस कुठे गेला रे?

दोन माणसं खाली दोरीवर, एक वर गच्चीत, ही आपली पद्धत. खाली जाणाऱ्यानं स्वतःची गाठ स्वतः बांधायची नाही. गच्चीवाल्यानं समोर उभं राहून त्याच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधायची. मग दिवसभर दोरी कठड्याला घासत नाही ना ते बघायचं, वाऱ्याकडे लक्ष ठेवायचं, आणि खालून "आहेस का?" अशी हाक आली की "आहे!" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर खालच्यानं हलायचं नाही. बाबा नव्या माणसाला आधी हे शिकवायचे, काच पुसणं नंतर. तुझ्या तक्त्यात गच्चीवाल्याला चौकटच नाही, कारण तो एकही काच पुसत नाही. त्याच्याऐवजी अख्ख्या शाखेला मिळून एक सुरक्षा अधिकारी दिलायस, गळ्यात शिट्टी आणि हातात तपासणीचा कागद.

आता तू तेच म्हणशील, जे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास. "ताई, तू कंपनीसाठी नाही, नवऱ्यासाठी भांडतेयस." होय रे बाबा. शाखेतला सगळ्यात जुना गच्चीवाला माझा नवरा आहे. पन्नाशीच्या माणसाला तू कळवलंस, दोरीवर उतरा नाही तर घरी बसा. ते उतरणार आहेत. मला भीती वाटते. पण मला भीती वाटते म्हणून माझं म्हणणं खोटं ठरतं का?

येत्या सोमवारी जुळ्या इमारतींचं काम सुरू होतंय. त्याआधी गच्चीवरचा माणूस परत दे.

ताई


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

सोमवार होऊन गेला, तुझं उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला सवय आहे, शाळेत तुझा अभ्यास मीच घेत होते.

आधी तुझ्या बाजूचं सांगते, म्हणजे नंतर रडायला नको. काम झपाट्यानं चाललंय. पहिल्या इमारतीची दर्शनी बाजू ठरल्यापेक्षा लवकर झाली. बँकेचा माणूस रस्त्यावर उभा राहून मान वर करकरून बघत होता, खूश होता. आरामखुर्ची हल्ली डबासुद्धा दोरीवर लटकून खातो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. फ्रेमवाल्याकडे जायचं तेवढं राहिलंय.

आता दुसरी बाजू. दुसऱ्याची गाठ बांधायला थांबलं की आपल्या काचा कमी होतात, म्हणून जो तो आपली आपण बांधतो. जिराफाला मी हटकलं. जिराफ म्हणजे आपला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बडबड्या गडी, तू भरती केलेला. तो म्हणाला, "मॅडम, मी त्याची गाठ बांधली तर त्याचं पोट भरतं, माझं नाही. तक्ता वाचा ना." तक्ता वाचा म्हणाला मला! आणि चूक कुठे होतं त्याचं? तसंच लिहिलंय त्यात.

हाक बंद झालीय. मारायची कोणाला? परवा मी गच्चीवर गेले होते. दोऱ्या कठड्यावरून खाली गेलेल्या आणि वर चिटपाखरू नाही. थोडा वेळ तिथेच दोऱ्यांजवळ बसून राहिले. मी बसून काय होणार होतं म्हणा, पण उठवेना.

शिट्टीसाहेब, म्हणजे तुझा सुरक्षा अधिकारी, माणूस सरळ आहे. पण कामं सगळ्या शहरभर आणि तो एकटा. खालून बघतो आणि कागदावर बरोबरच्या खुणा करतो. त्याचा पगारही खुणांवरच ठरवलायस ना? मग तो चुकीची खूण कशाला करेल?

तुझे भावोजी ठीक आहेत. येतात, जेवतात, झोपतात. हल्ली घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. थंडी वाजते म्हणतात.

किती दिवस उंटावरून शेळ्या हाकणार आहेस? एकदा ये.

ताई


३ डिसेंबर

धाकट्या,

बोनस जमा झाला. शाखेत केक कापला, टाळ्या वाजल्या, 'शून्य अपघात' असा तू पाठवलेला फलकही लागला. मलाही मिळाला, शाखा व्यवस्थापक म्हणून सगळ्यांपेक्षा जास्त.

त्या शून्यात काय आहे ते ऐक. मागे एकदा जिराफाच्या हातून वायपर निसटला आणि थेट फुटपाथवर पडला. तेव्हा खालून कोणी जात नव्हतं एवढंच. मला दुसऱ्या दिवशी कळलं. नोंदवलं असतं तर सगळ्या शाखेचा बोनस गेला असता, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरं बोलली नाहीत आणि मीही बोलले नाही. लिहून टाकलं एकदाचं.

काल संध्याकाळी हे अंघोळ करून आले आणि टॉवेल घ्यायला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटलेली, त्यावर खपल्या. म्हणाले, चहा सांडला. इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला सांगतात चहा सांडला! दोरीनं भाजलेला हात मला ओळखू येत नाही? मी वाद घातला नाही. मलम आणलं आणि समोर बसले. लावता लावता सगळं बाहेर आलं.

अडीच आठवडे झाले त्याला. जुळ्या इमारतीवर असताना पट्ट्याची एक गाठ सुटली आणि हे एक मजला खाली कोसळले. आधाराला लावलेल्या दुसऱ्या दोरीची गाठ टिकली म्हणून वाचले. दोन्ही गाठी त्यांनीच बांधलेल्या होत्या. दुसरी का टिकली ते त्यांनाही सांगता येत नाही. पहिली का सुटली ते मात्र त्यांना पक्कं माहीत आहे.

"अगं, मी आयुष्यभर समोरच्याची गाठ बांधली," ते म्हणाले. "माझा हात समोरच्याच्या छातीवर चालतो. स्वतःची बांधायला गेलो की डावं उजवीकडे जातं. बघून बघून बांधतो, पण घाई झाली की हात जुन्या वळणावर पळतो."

तुला ही पळवाट वाटेल. तुझा शाळेतला टाय आठव. रोज सकाळी मी तुझ्यासमोर उभी राहून बांधायचे, बोलता बोलता, तुझ्या डोक्यात टपली मारत. मग मोठ्या वर्गात मलाही टाय आला आणि मला स्वतःचा बांधता येईना. आरशासमोर रडले होते आणि तू दात काढत होतास. शेवटी आधी तुझ्या गळ्यात बांधायचा, सैल करून काढायचा आणि मग माझ्या गळ्यात घालायचा, असं कितीतरी दिवस चाललं. हे तसंच आहे. ज्या माणसाच्या गाठीवर सगळी शाखा डोळे मिटून लटकायची, त्याला तू असं काम दिलंस जे त्याच्या हाताला उलटं पडतं. आणि ते एकटे नाहीत. आपले सगळे गच्चीवाले आज दोरीवर आहेत.

ह्यांनी कोणाला सांगितलं नाही, पोरांचा बोनस जाईल म्हणून. मलासुद्धा नाही. एका पलंगावर झोपतो रे आम्ही.

ताई


९ डिसेंबर

संचालकसाहेब,

तुमचं उत्तर पोचलं. दोन ओळी, टाइप केलेल्या. "पत्रात उल्लेखलेल्या घटनेची नोंद मुख्य कार्यालयाकडे नाही. नोंद झाली असल्यास क्रमांक कळवावा." सही मात्र हातची होती. मी तिच्यावरून बोट फिरवून बघितलं, खरंच शाईची आहे का.

अरे, नोंद असेलच कशी? नोंद केली की सगळ्यांच्या ताटातलं काढून घ्यायचं, हा नियम तुझा. ज्याच्या हातून चूक झाली त्याला चौकशी संपेपर्यंत बिनपगारी घरी बसवायचं, हाही तुझाच. तोंड बंद ठेवायचे पैसे द्यायचे आणि वर विचारायचं, कोणी काही बोललं कसं नाही? हुशार म्हणून तुला शिकायला पाठवलं होतं ना?

काल घरी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, नोंदवते. हे म्हणाले, "नोंदव. मग पोरं माझ्या तोंडाकडे बघायची नाहीत. आणि तुझा भाऊ म्हणेल, भावोजींना झेपत नाही, म्हणून ताई नियमाला नावं ठेवते."

"आणि परत पडलात तर?"

"नाही पडत. आता हळू बांधतो."

"हळू बांधून काचा किती होतात?"

त्यांनी बाही खाली ओढली. मग म्हणाले, "तू माझी बायको आहेस की व्यवस्थापक?"

तूही सगळ्यांसमोर हेच सुनावलं होतंस, फक्त उलट्या बाजूनं. बोलले तर नवऱ्याची नोकरी जाते, नाही बोलले तर नवरा जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या इमारतीची वाऱ्याकडची बाजू सुरू होतेय.

मला राग आलाय तुझा. खूप राग आलाय.

ताई


११ डिसेंबर

धाकट्या,

क्रमांक हवा होता ना, घे. नोंद क्रमांक एक, जिराफाचा वायपर. दोन, माझा नवरा. तीन, शाखा व्यवस्थापकानं माहीत असून लपवलं. तिन्ही मी शिट्टीसाहेबाच्या हातात दिल्या. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मॅडम, माझ्या सगळ्या खुणा खोट्या निघाल्या," म्हणाला, आणि खुर्चीत बसला तो बसलाच.

मग मी सगळ्या दोऱ्या वर ओढायला लावल्या. काम बंद आहे.

ह्याचं बक्षीस काय मिळालं तेही ऐक. आरामखुर्ची म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा घाम गाळून चार पैसे मिळवले, ते तुम्हाला बघवले नाहीत." जिराफ मला बघून पाठ फिरवून उभा राहिला. कोणीतरी माझ्या स्कूटरची हवा सोडली, ढकलत घरी आणली. हे बोलत नाहीत. ताट वाढलं तर उठून गेले. मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडले, म्हणजे आवाज जाऊ नये.

बँकेनं शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. तोवर काम सुरू झालं नाही तर ते दुसऱ्या कंपनीला देतील. म्हणजे शुक्रवारी कंपनी राहील किंवा जाईल. तुझ्या तक्त्याच्या नियमानं काम परत सुरू करायचं माझ्या हातात आहे, पण मी करणार नाही. नोकरीवरून काढलंस तरी नाही.

माझं ऐकू नकोस. मी नवऱ्यासाठी भांडणारी बाई आहे. तू ये आणि गच्चीवर चढ. तुला उंचीची भीती वाटते हे पोरांना माहीत नाही, आणि मी सांगणार नाही. हे कुरियरनं पाठवतेय.

ताई


१८ डिसेंबर

धाकट्या,

शुक्रवारी आलास. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. ह्यांना म्हणालास, "भावोजी, मला पट्टा द्या," आणि लिफ्टकडे निघालास. तू दोरीवर असताना वर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

तू तुझ्या नियमाप्रमाणे स्वतःची गाठ स्वतः बांधलीस, कागद बघून. पोरं तोंडावर हात धरून हसत होती. हे पुढे आले, काही न बोलता ती सोडली आणि तुझ्यासमोर उभं राहून नव्यानं बांधली. तू मान वर करून उभा होतास, टाय बांधून घेताना राहायचास तसा. मला तिथे उभं राहवेना, मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन तिथून बघत राहिले.

एकच मजला उतरलास. डोळे मिटले होतेस, मी पैज लावते. आणि खालून तुझी हाक आली, "भावोजी, आहात का?"

ही हाक बाबांनी तुला शिकवली नव्हती, तू दोरीवर कधी गेलाच नाहीस. माझ्या पत्रातनं उचललीस. म्हणजे पत्रं वाचत होतास तर, गधड्या!

"आहे!" हे म्हणाले.

परत हाक, परत "आहे!" दर श्वासाला विचारत होतास रे तू. आरामखुर्ची म्हणाला, "साहेब पाठ करतायत वाटतं," आणि सगळे खिदळले. मग हळूहळू हसणं थांबलं. तुझी दोरी कठड्याला घासू नये म्हणून ह्यांनी मधे हात घातला होता, त्यावरची नवी कातडी परत सोलली होती, बाही ओली दिसत होती. त्यांनी हात काढला नाही, आणि तुझ्यापर्यंत जाणारा आवाजही बदलू दिला नाही. जिराफ पुढे झाला. ह्यांच्या मागे उभं राहून त्यानं दोरीला हात लावला आणि म्हणाला, "काका, साहेब वर आले की वायपरचं मी स्वतः सांगतो. मॅडमनी कशाला सांगायचं?" मग एकाची खाली पडलेली बादली निघाली. एकाचा पाय घसरलेला निघाला. आरामखुर्चीची तर चक्क पट्ट्याची अर्धवट लागलेली कडी निघाली, जेवताना लक्षात आलेली. मला यातलं काही माहीत नव्हतं. असल्या शून्यावर आपण केक कापला होता.

पुढचं तुला माहीत आहे. तू वर आलास, गच्चीवर फतकल मारून बसलास, आणि मुदत संपली म्हणून वर आलेल्या बँकेच्या माणसाला म्हणालास, "काम उशिरा होईल. दर तोच राहील. पटलं तर आम्हाला ठेवा." तो म्हणाला, विचार करून कळवतो. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. ती घेतलीस, निम्मी प्यायलास, आणि टॅक्सीत बसून गेलास. दार लावताना तरी बघायचंस.

हे माझ्याशी बोलायला लागले. काल म्हणाले, "आमटीत मीठ नाही." इतका आनंद झाला की मी मीठ द्यायचंच विसरले.

ताई


२७ डिसेंबर

धाकट्या,

बँकेचं पत्र इकडेही आलं. एक इमारत आपल्याला, दुसरी दुसऱ्या कंपनीला. निम्मं गेलं. तुला किती लागलं असेल ते मला कळतं. पण निम्म्यावर कंपनी तगते, मी आकडे मांडून बघितलेत, माझ्या पद्धतीनं.

तुझा नवा तक्ता मिळाला. पोरांना मोठ्यानं वाचून दाखवला. दोघं खाली आणि एक वर, तिघांच्या काचा एकत्र मोजायच्या आणि पगार तिघांत सारखा, हे पटलं. चूक सांगणाऱ्याचं काही कापायचं नाही, लपवणाऱ्याचं कापायचं, हे तर फारच पटलं. जिराफानं लगेच विचारलं, "जुन्या सांगितल्या तर चालतील का?" शिट्टीसाहेबाला ठेवलंस आणि रोज गच्चीवर चढायला लावलंस, तेही बरं केलंस. त्याचा श्वास फुलतो, पण चढतो.

पण आंधळेपणानं मान डोलावणार नाही. तिघांत एक आरामखुर्ची निघाला तर बाकीचे दोघं त्याला किती दिवस ओढतील? त्यावर काहीतरी शोध. तिघांचे गट वरून ठरवू नकोस, पोरांना ठरवू दे. कोणाच्या गाठीवर लटकायचं ते ज्याचं त्याला कळतं. तुझे भावोजी गच्चीवर परत गेलेत. हात भरून यायला वेळ लागेल. फ्रेमचं अजून माझं ठरलेलं नाही.

आणि तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक ओळ आहे. टाइप केलेली नाही, सेक्रेटरीची नाही. ते कोंबडीच्या पायांचं अक्षर मी कुठेही ओळखेन. ती ओळ मी पोरांना वाचून दाखवली नाही. "ताई, आहेस का?"

आहे.